भाषांतर होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा नेवाशाला यावं

मराठी भाषा गौरव दिनासाठी आमच्या शाळेत भित्तिपत्रक करायचं ठरलं. विषय निवडण्याचं काम एका तरुण सहकाऱ्याकडे होतं. त्यानं मोबाइलवर आलेली एक यादी काढून दिली: ‘जगातले गमतीदार शब्द, ज्यांना इंग्रजीत शब्दच नाही!’ मुलांनी ती रंगीत पेनांनी सुरेख अक्षरात उतरवली. जर्मन भाषेतला ‘शाडेनफ्रॉयडं’, म्हणजे दुसऱ्याची फजिती पाहून होणारा आनंद. जपानी ‘त्सुंडोकु’, म्हणजे पुस्तकं विकत आणायची आणि न वाचता रचून ठेवायची. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा ‘इक्त्सुआर्पोक’, म्हणजे कुणी यायचं असलं की पुन्हापुन्हा बाहेर जाऊन बघणं. मुलं हसली, शिक्षक हसले, मीही हसलो.

त्या भित्तिपत्रकावर मराठी शब्द एकही नव्हता. मराठीच्या दिवशी आम्ही जगभरचे शब्द इंग्रजीच्या तराजूत तोलत होतो आणि तराजू कोणाचा हे कुणी विचारलं नाही. मी मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शिकवतो. बी.एड. करताना भाषाशिक्षणाची पद्धती वाचली होती. तरी मलाही ते खटकलं नाही. खटकलं ते त्याच आठवड्यातल्या एका गोष्टीमुळे, आणि त्या गोष्टीत चूक माझीच होती.

सातवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होतो. विषय ‘माझे वडील’. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘अब्बांना तालीम मिळाली नाही, म्हणून ते मला तालीम देतात.’ मी ‘तालीम’खाली लाल रेघ ओढली आणि वर ‘शिक्षण’ असं लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण वह्या वाटताना ते वाक्य मी वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणालो, ‘बघा, मराठीत याचा अर्थ काय होतो!’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हिचे अब्बा पैलवान आहेत का?’ सगळा वर्ग खो-खो हसला. मुलगी मान खाली घालून बसली.

तिचा पुढचा निबंध ‘माझा आवडता ऋतू’ हा होता. सरळ गाइडमधून उतरवलेला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, घरातला एकही शब्द नव्हता. मी दहापैकी आठ गुण दिले.

गंमत अशी की आदल्या तासाला उर्दूच्या वर्गात मी स्वतः ‘तालीम’ हा शब्द फळ्यावर लिहिला होता. अरबीतला शब्द, ‘इल्म’च्याच धातूतून आलेला. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत तो आखाड्यात गेला आणि तिथून नाटकवाल्यांकडे. पैलवानाची तालीम, नाटकाची तालीम. शिकणं दोन्हीकडे आहेच. एक अंगाचं, दुसरं कलेचं. त्या मुलीनं शब्द चुकीचा वापरला नव्हता. तिच्या घरात तो ज्या अर्थानं राहतो, त्याच अर्थानं वापरला होता. एका तासाला मी ज्याला बरोबर म्हणतो, त्याच शब्दावर पुढच्या तासाला लाल रेघ मारतो आणि वर्गाला हसायला लावतो. शाडेनफ्रॉयडं शोधायला जर्मनीला जायची गरज नव्हती.

म्हणून या ‘भाषांतर न होणाऱ्या गमतीदार शब्दां’विषयी आता स्पष्ट बोलतो. या याद्यांचं म्हणणं खोटं आहे आणि त्यांची सवय घातक आहे.

खोटं कसं, ते यादीतच दिसतं. ‘या शब्दाचं भाषांतर होत नाही’ असं लिहून पुढच्याच ओळीत त्याचं भाषांतर दिलेलं असतं! ‘पुस्तकं आणून न वाचता रचून ठेवणं’ हे भाषांतर नाही तर काय आहे? खरं म्हणणं एवढंच की एका शब्दाला एक शब्द मिळत नाही. पण एका शब्दाला एकच शब्द मिळाला पाहिजे, हा हट्ट कोणाचा? बाजारात एक किलो कांद्याला एक किलो साखर मिळत नाही, म्हणून व्यवहार थांबतो का?

सवय घातक का, तेही सांगतो. या याद्यांत एक लांबलचक शब्द हटकून असतो: ‘मामिहलापिनातापाइ’. दोघांनाही एक गोष्ट हवी आहे, पण सुरुवात दुसऱ्यानं करावी म्हणून दोघं एकमेकांकडे बघत राहतात, ती नजर. सर्वांत कमी जागेत सर्वांत जास्त अर्थ भरलेला शब्द म्हणून गिनीज बुकनंही त्याची नोंद घेतली. तो यागान भाषेतला आहे. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, तिएरा देल फुएगोच्या बेटांवर ही भाषा बोलली जायची. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या मानल्या गेलेल्या क्रिस्तिना काल्देरोन २०२२च्या फेब्रुवारीत वारल्या. जगभर लोकांनी तो एक शब्द फॉरवर्ड केला. तो बोलणाऱ्या माणसांचं काय झालं, हे किती जणांनी विचारलं? गंमत म्हणून उचललेल्या शब्दाची हीच गत होते. शब्द पाहुण्यांच्या कपाटात जातो आणि माणूस दाराबाहेर राहतो.

आता आमच्या गावाकडे या. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. इथे, प्रवरेच्या काठी, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही इथे आहे आणि वारकरी त्याच्या दर्शनाला येतात. मी शाळेत जाताना मुलांना नेहमी एक हिशेब घालतो. गीतेचे श्लोक ७००. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००. मग एका श्लोकाला सरासरी ओव्या किती? बारा-तेरा.

हा माझा पुरावा. ‘स्थितप्रज्ञ’ या शब्दाला शेतकऱ्याच्या बोलीत एक शब्द नाही, म्हणून तो गमतीदार शब्दांच्या यादीत टाकून माउली पुढे गेले नाहीत. थांबले. एक दाखला दिला, तो पुरला नाही म्हणून दुसरा दिला. पाणी, दिवा, आई, गाय, शेत, जे ऐकणाऱ्याच्या घरात आहे ते घेतलं आणि अर्थ तिथवर आणून सोडला. जे संस्कृतातून मराठीत येणारच नाही असं तेव्हाच्या विद्वानांना वाटत होतं, ते आलं. एका शब्दात आलं नाही, बारा ओव्यांत आलं. भाषांतर म्हणजे समोरच्यासाठी बसायची तयारी. ती नसली की माणूस म्हणतो, ‘होत नाही.’

हे एकट्या नेवाशानं केलं असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. घरचा धर्म इस्लाम, ग्रंथ मराठीत, नाव ‘योगसंग्राम’. वारकरी त्यांना संत म्हणतात. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं, तेही ओवीत. ख्रिस्ती कल्पनांना मराठीत शब्द कुठून आणायचे? त्यानं स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटलं. आणि अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. जेरी पिंटो यांनी ते २०१५ साली इंग्रजीत नेलं, तेव्हा नाव ‘बलुतं’च ठेवलं. तिथे इंग्रजीत एक शब्द नव्हता हे खरं. पण त्या शब्दाचा अर्थ म्हणजे ते आख्खं पुस्तक. ते वाचून झाल्यावर कुठल्याही देशातल्या माणसाला बलुतं म्हणजे काय ते कळतं, आणि त्याला हसू येत नाही. ‘बलुतं’, ‘उष्टं’ हे शब्द कुणाला गमतीदार वाटतील? ज्यानं ते कधी वाहिले नाहीत, त्याला.

आता त्या मुलीच्या ‘तालीम’कडे परत येतो, कारण खरी अडचण जर्मन आणि जपानी शब्दांची नाहीच. ती आपल्या बाकावरच्या शब्दांची आहे.

मराठीत अरबी-फारसीतून आलेले शब्द ढिगानं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते आले आणि इथे वेगळे झाले, याकडे फारसं लक्ष जात नाही. उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. मराठीत ‘राजीनामा’ दिला की माणूस पद सोडून घरी जातो. उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत ‘हरकत’ घेतली की झालेली हालचालही थांबते. उर्दूत ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश, लांब गोष्ट थोडक्यात. मराठीत साहेबांनी ‘खुलासा’ मागितला की थोडक्यात भागत नाही. ‘मिज़ाज’ म्हणजे प्रकृती, स्वभाव. ‘मिज़ाज कैसे हैं?’ हे अदबीनं विचारणं झालं. मराठीत मात्र ‘लई मिजास आली का रे?’ उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत आपण ‘प्रयत्नांची शिकस्त’ करतो, म्हणजे हार मानत नाही! आणि ‘रुसवा’चं तर दोन्हीकडे नातंच नाही. उर्दूतला ‘रुसवा’ बदनाम झालेला. मराठीतला रुसवा दोन लाडू दिले की जातो.

हा खरा गमतीदार कोश. तो आपल्या घरात पडून आहे आणि आपण जपानहून यादी मागवतो.

पण या कोशाला दोन बाजूंनी विरोध आहे. दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

पहिले शुद्धीवाले. त्यांचं म्हणणं मी चेष्टेवारी नेणार नाही. आपल्या राज्याचा कारभार आपल्या भाषेत असावा, ही इच्छा न्याय्य आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागे ती होती. पेशव्याला ‘पंतप्रधान’ हे नाव तेव्हाच मिळालं. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द त्यांनी दिले आणि ते आज मीही वापरतो. नवा शब्द घडवणं ही भाषेची कमाई आहे. माझा विरोध घडवण्याला नाही, हाकलण्याला आहे. ‘दिनांक’ आला, पण कोर्टात ‘तारीख’च पडते. ‘पंतप्रधान’ हा शब्द दिल्लीच्या खुर्चीपर्यंत पोचला, पण बाजीराव लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. लोकांनी दोन्ही शब्द ठेवले आणि दोघांना वेगवेगळं काम दिलं. लोक विद्वानांपेक्षा शहाणे असतात ते असे.

विद्वानांचं उदाहरण माधव जूलियन यांचं. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी. १९२५ साली त्यांनी ‘फार्शी-मराठी कोश’ केला. पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले आणि आपल्याच आधीच्या कवितेतले फारसी-अरबी शब्द बदलत बसले. ज्यानं हे शब्द आपल्याला हातात धरून दाखवले, त्यालाच ते डोळ्यांत सलू लागले. याचं मला त्यांच्या रागापेक्षा वाईट वाटतं.

आणि हाकलायचं म्हटलं तर कुठवर? आमच्याकडे नेवासा खुर्द आणि नेवासा बुद्रुक आहे. ‘खुर्द’ म्हणजे लहान, ‘बुद्रुक’ म्हणजे बुजुर्ग, मोठं. दोन्ही फारसी. महाराष्ट्रात अशी जोडगावं जागोजाग आहेत. सातबारा काढायला गेलात तर ‘जमीन’, ‘मालक’, ‘वारस’, ‘हक्क’, ‘नकाशा’, ‘तहसील’ ही सगळी मंडळी तिथे भेटतील. पंढरपूरहून आलेला वारकरी कपाळाला ‘अबीर’ लावतो, तो शब्दही अरबी. त्या कपाळावरून तो कोण पुसणार?

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दूत नाव लिहिलं होतं. त्याविरुद्धचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला: पाटीवर उर्दू राहू शकते, भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली आहे. निकालाचं मी स्वागत करतो. पण ‘अर्ज’ करून, ‘वकील’ लावून, ‘दावा’ चालवून जी ‘हरकत’ घेतली जाते, तिच्यातले किती शब्द त्याच बाजूनं आलेत, हे समजायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागावं का?

दुसरे विरोधक आपल्यातलेच आहेत. त्यांच्याविषयी आपण मुस्लिम वाचक कमी बोलतो, म्हणून मी बोलतो. एका लग्नात उत्तरेकडचे पाहुणे आले होते. माझी अम्मी वाढपाला म्हणाली, ‘मेरेकू नक्को, बच्चोंकू दे.’ पाहुणे गालात हसले. पुढे एकानं मला बाजूला घेऊन समजावलं, ‘आप तो उर्दू के टीचर हैं, घर में ज़बान दुरुस्त कीजिए.’ मी त्यांना म्हणालो, ‘जनाब, नक्को हे मराठीनं दिलेलं आहे, आम्ही परत करणार नाही.’ आमची दखनी ही बिघडलेली उर्दू नव्हे. गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुतुबशाह १६१२ साली वारला. त्याचा दीवान याच दखनीतला. ‘मराठीवाल्यांनी आमचे लफ्ज बिघडवले’ म्हणणारे आणि ‘मुसलमानांनी आमची मराठी बाटवली’ म्हणणारे, दोघांच्या हातात एकच लाल पेन आहे. त्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, पण शाई एकाच दुकानातून येते.

आणि ती शाई वर्गात कोण वापरतं? मी. आपण शिक्षक. निबंधात ‘अम्मी’ लिहिलं की ‘आई’, ‘सालन’ लिहिलं की ‘भाजी’, ‘दुवा’ लिहिली की ‘प्रार्थना’. मूल शिकतं काय? की घरून येताना जीभ दाराबाहेर काढून ठेवायची. मग आपणच तक्रार करतो की मुस्लिम मुलं मराठीत लिहीत नाहीत, बोलत नाहीत, मागच्या बाकावर बसतात. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. अभिजात भाषेला सातवीतल्या मुलीचा एक शब्द पचू नये?

प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही. परीक्षेत, अर्जात, नोकरीत तीच लागते आणि ती न शिकवणं हा त्या मुलांवर दुसरा अन्याय होईल. ‘शिक्षण’ हा शब्द तिला यायलाच हवा. पण तो ‘तालीम’च्या शेजारी बसायला हवा, तिच्या डोक्यावर नव्हे. मोल्सवर्थ साहेबानं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला. शब्द कुठून आला ते खुणेनं सांगितलं आणि अर्थ एका शब्दात बसला नाही तर चार ओळी लिहिल्या. खोडलं नाही. सातासमुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्याला जे जमलं, ते नेवाशाच्या मास्तरला जमू नये?

म्हणून मी उशिरा का होईना, दुसरं भित्तिपत्रक लावलं. नियम साधा. प्रत्येकानं घरातला एक शब्द आणायचा, जो शेजारच्या बाकाला माहीत नाही. अर्थ एका शब्दात चालणार नाही, चार ओळी आणि एक उदाहरण हवं. एका मुलानं ‘वानवळा’ आणला आणि लिहिलं की आजी पहिली भाजी शेजारी दिल्याशिवाय घरात शिजवत नाही. कुणी ‘इरजिक’ आणलं. एकानं ‘नियत’ आणली आणि नमाजाआधी मनात काय ठरवतात ते लिहिलं. खाली एका वारकऱ्याच्या नातवानं पेन्सिलीनं जोडलं, ‘आमच्याकडे संकल्प म्हणतात, पण सेम नाही.’ सेम नाही हे त्याला कळलं, म्हणजे भाषांतर झालं.

त्या मुलीनंही कागद दिला. तिच्या चार ओळी नव्हत्या, दोनच होत्या.

‘तालीम. आमच्या घरी : शिक्षण. आमच्या वर्गात : कुस्ती.’

दुसरा अर्थ मी शिकवलेला आहे. तो कागद मी तसाच लावला आहे, एकही रेघ न मारता. येता-जाता तो मला दिसतो आणि दिसायलाच हवा. तुमच्याही टेबलावर वह्यांचा गठ्ठा असेल. पुढच्या वेळी लाल पेन उचलण्याआधी त्या मुलाला एवढं विचारा, ‘बाळा, तुमच्याकडे याचा अर्थ काय?’ आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका.